खोक्याबाहेरचे शॉकप

पत्रकाचा मथळा मी आधी लिहिला आणि पुरावे गोळा करायला नंतर निघाले. आज कबूल करते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर भांडले असते. मथळा होता : 'नवा म्हणून जुना माल गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला ओळखा!' मसुद्यात उद्गारचिन्हं तीन होती. छापखानेवाल्यानं दोन काढून टाकली, तर मला त्याचाही संशय आला. हा त्या दुकानदाराच्या ओळखीतला तर नाही ना?

पत्रकं लिहायला मी पाण्याच्या आंदोलनात शिकले. नळाला पाणी कधी येणार हे विचारायला ज्या शहरात चार खिडक्या फिराव्या लागतात आणि चार खिडक्यांवर चार वेगळे वार सांगतात, तिथं माणूस एक गोष्ट पक्की शिकतो : समोरचा जे सांगतो त्याच्यामागं काहीतरी असतं. ते काहीतरी शोधायचं, ठळक अक्षरात छापायचं आणि स्टँडपासून नाक्यापर्यंत वाटायचं. तेविसाव्या वर्षीच लोक मला म्हणायला लागले होते, "ताई, तुमच्या लिहिण्यात दम आहे." त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला शॉकपचं प्रकरण सुरू झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, काळी-पिवळी जीप चालवतात. हर्सूल नाक्यावर भरायची, फर्दापूरला रिकामी करायची, लेणी बघून दमलेली माणसं तिथून भरून परत. त्या वर्षी रस्ता अर्धा खोदलेला होता आणि अर्धा खोदायचा राहिला होता. त्या रस्त्यावर जीपचे शॉकप टिकत नव्हते. शॉकप म्हणजे शॉक अ‍ॅब्जॉर्बर. खड्ड्यात आदळलेली गाडी नंतर उड्या मारत राहू नये म्हणून चाकापाशी बसवलेली तेलाची नळी. तिच्यात वरखाली होणारा एक चकचकीत दांडा असतो. शॉकपच्या जोडीला पाट्यांचे रबरी बुश जात होते, म्हणजे पाटा, ती चाकावरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, गाडीला जिथं जोडलेला असतो तिथं लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून घातलेले रबराचे जाड तुकडे. ही दोन्ही गेली की गाडी रिकामे डबे बांधल्यासारखी वाजते, आणि मागच्या बाकावरचा माणूस उतरताना ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढतो.

फर्दापूर लाइनीवर आबांना धरून आठ जण होते. मी त्यांना नाक्यावरच्या टपरीवर गाठून सांगितलं, "तुम्ही एकेकटे जाता म्हणून एकेकटे फसता. सगळ्यांचं सामान एकदम घ्या. माल मी तपासते."

"तुला शॉकपातलं काय कळतंय गं?" आबा म्हणाले.

"फसवणुकीतलं कळतं. तेवढं पुरे."

सगळे हसले, पण कबूल झाले. त्यांच्यात सोयगावचा एक तरणा ड्रायव्हर होता, अंगानं दणकट, बोलायला उतावळा. त्याला माझी कल्पना फारच आवडली. तो म्हणाला, "आबा, ताई म्हणतेत ते बरुबर हाय. आपण मुकाट्यानं घेतो, म्हणून ते मुकाट्यानं देतेत."

स्पेअर पार्टच्या गल्लीत एक म्हातारा दुकानदार होता. ड्रायव्हर त्याला चाचा म्हणत. आबांची त्याच्याशी जुनी ओळख, म्हणून सगळे तिथंच गेलो. दुकान पाहिलं आणि मला पहिली गोष्ट खटकली ती त्याच्या हातातलं फडकं. पांढरं, कोरडं, तेलाचा डाग नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात इतकं स्वच्छ फडकं ठेवणारा माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी मांडतो आहे, असं मला वाटलं. दुसरी गोष्ट, सगळे शॉकप भिंतीला लावून खोक्यांसकट उभे. आडवे रचले असते तर दुप्पट मावले असते. मग हे उभे कशाला? मागं काय झाकायचं आहे?

माल मोजून दिला आणि चाचा मला म्हणाला, "बेटा, खोके खोलू नका. ज्या दिवशी गाडीखाली घुसायचं त्याच दिवशी खोला. और उभे रखना, लेटाना नको."

"का?"

"कंपनी वैसाच बोलती."

"आणि खोक्यात जुना माल निघाला तर?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. "आबा, ये तुम्हारी बेटी वकील है क्या?"

"नाय," आबा म्हणाले. "वकिलाला निदान फी तरी द्यावी लागती."

मी हसले नाही. आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी 'उघडू नका' म्हणून सांगितलं, त्यांनी त्यांनी काही ना काही दडवलं होतं. टाक्या उघडू नका, फायली उघडू नका, तोंड उघडू नका. हा म्हणतो खोकी उघडू नका. मी घरी गेल्यावर त्याच दुपारी सगळी उघडली.

घरामागं आमची पत्र्याची खोली आहे, तिथं माल उतरवला होता. एका जीपला चार या हिशेबानं बत्तीस शॉकप, आणि बुश एका पोत्यात. मी ब्लेड घेऊन बसले. प्रत्येक खोक्यावरचं चकाकणारं स्टिकर खोक्याच्या तुकड्यासकट कापलं आणि दोनशे पानी वहीत चिकटवलं, शेजारी ज्याच्या गाडीचं त्याची खूण. उद्या भांडण लागलं तर पुरावा हवा. बुश प्लास्टिकच्या पिशव्यांत सीलबंद होते, त्या फाडल्या. काही शॉकप गॅसचे होते. त्यांचा दांडा आत दाबून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला असतो. माल मेलेला आहे की जिवंत हे कळावं म्हणून मी पट्ट्या कापल्या. दांडे हळूहळू आपोआप वर आले. माल उतरवायला आलेल्या त्या सोयगावच्या ड्रायव्हरला मी विजयानं म्हटलं, "बघा, हे नवे आहेत. पण हे आपल्याला कळलं कशामुळं? उघडलं म्हणून."

दांडे बाहेर आल्यावर शॉकप लांब झाले आणि फळीवर मावेनात. त्यानं एकेक गुडघ्याखाली दाबला आणि दांड्याला बांधकामाची बारीक तार गुंडाळून पक्का आवळला. कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी आवळतात तसा. पकडीनं पीळ देता देता म्हणाला, "आता बापजन्मात सुटत नाय."

भोकं पडलेली खोकी बंबात गेली.

संध्याकाळी आबा आले आणि उघडा माल पाहून त्यांचा जीव खालीवर झाला. त्यांच्या डोक्यात अजून शेत आहे. पेरणी झाली की पाभर, वखर, कोळपं, सगळ्या अवजारांना गाडीतून काढलेलं काळं ऑईल फासायचं, पोत्यात गुंडाळायचं आणि आडव्यात टाकायचं, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. "लोखंड असं नागडं ठेवत नसतेत," ते म्हणाले, आणि जळक्या ऑईलचा डबा घेऊन बसले. आणखी दोघं ड्रायव्हर आले. तेही शेतकऱ्यांच्याच घरातले, त्यांनाही हे पटलेलंच. शॉकप काळे झाले. मग आबांनी बुशाच्या ढिगाकडं बघितलं. "रबर वाळून चिरतंय उन्हाळ्यात. त्यालाबी पाजा थोडं." बुश त्या डब्यात बुचकळून काढले. बत्तीस शॉकप लाकडाच्या ओंडक्यांसारखे आडवे रचले. मी त्याचा फोटो काढला आणि पाण्याच्या आंदोलनातल्या आमच्या गटाला पाठवला : 'चालकांचा स्वतःचा साठा. मध्यस्थ हद्दपार.' दोघं-तिघं शाबासकी देऊन मोकळे झाले.

ते काम करताना आम्ही किती खूश होतो! पाच माणसं, चहा, पावाचे तुकडे, एकमेकांची थट्टा. इतकी काळजी कंपनीनंही घेतली नसेल, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिल्याच आठवड्यात दोन गाड्यांना तो माल चढला आणि व्यवस्थित चालला. बाकीचा खोलीतच राहिला. हिवाळा संपला, पत्रा तापायला लागला, होळीनंतर एकेक गाडी सामान मागायला लागली. आणि तिथून रडारड सुरू झाली. सोयगाववाल्याच्या पुढच्या दोन्ही शॉकपमधून दहा दिवसांत तेल ओघळलं. दुसऱ्या एकाच्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला आधी पोकळ, मग धाड असा आवाज. बुश तर असे फुगले होते की मिस्तरी हातोडीनं ठोकून बसवायचा आणि महिन्याभरात त्यांचा चोथा बाहेर. एका म्हातारीनं फर्दापूरला उतरताना आबांना विचारलं, "बाबा, जीप हाय का खलबत्ता?"

मिस्तरी म्हणाला, "माल हलका हाय."

मला एवढं पुरेसं होतं. पहिल्या दोन गाड्यांचं काय, असं आबांनी विचारलं, तर त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. वर चांगला माल ठेवायचा आणि खाली जुना घुसडायचा, ही तर बाजारातली रोजची रीत. आणि स्टिकरं? स्टिकरं काय, छापता येतात. जी वही मी पुरावा म्हणून केली होती, तीच आता माझ्या मते त्याच्या लबाडीचा पुरावा झाली.

मग मी पाळत ठेवली. गल्लीत दुकानासमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. तिथं तीन दुपारी बसले, रस पीत, पेपर धरून. पहिल्या दुपारी काही नाही. दुसऱ्या दुपारी एक गिऱ्हाईक आलं, चाचानं भिंतीपासून एक शॉकप उचलला, खोक्यातून काढला, फरशीवर उभा धरला आणि दांडा खालीवर, खालीवर करायला लागला. चार-पाच वेळा. मग फडक्यानं पुसून गिऱ्हाइकाच्या हातात दिला. तिसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आणि मागच्या खोलीच्या दारातून मला जुन्या, तेलकट शॉकपांचा ढीग दिसला. बस्स. जुने आत येतात, पुसले जातात, दांडा हलवून जिवंत केल्यासारखे दाखवले जातात आणि नवे म्हणून बाहेर पडतात. रसाचा ग्लास तसाच ठेवून मी उठले.

पत्रक एका बैठकीत लिहून झालं. दुकान कोणतं हे कळायला जागा ठेवली नव्हती. पाटी, गल्ली, सगळं होतं. 'लुटारू' हा शब्द दोनदा होता. शेवटी आवाहन : या दुकानात कुणीही पाऊल टाकू नये. मला नक्की काय हवं होतं? ते दुकान बंद व्हायला हवं होतं. शटर पडलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आमच्या गटाचा एक नियम होता, माझ्या आधीच्या लोकांनी घातलेला : ज्याच्यावर आरोप, त्याला वाटपाच्या आधी एकदा विचारायचं. सोयगाववाला सकाळी नाक्यावर भेटला आणि गठ्ठ्याला हात घालून म्हणाला, "ताई, मी चाललोच हाय तिकडं. सिल्लोड, फर्दापूर, सोयगाव, तिन्ही स्टँडावर वाटून टाकतो." नियम मला आठवत होता. तरी मी गठ्ठा दिला. विचारायचं काय आहे त्यात, तो कबूल थोडाच करणार?

आबांना हे दुपारी कळलं. ते गाडी धुवत होते. पाइप खाली टाकला. "त्याच्या दुकानात पाणी पिलोय मी. जे बोलायचं ते तोंडावर बोल अगोदर. चल, आत्ता."

खोलीतला एक न वापरलेला शॉकप, मूठभर बुश, वही आणि पत्रक घेऊन आम्ही गेलो. चाचा एकटाच होता. मी पत्रक त्याच्यासमोर ठेवलं. त्याला मराठी वाचता येत होतं, पण सावकाश, ओठ हलवत. 'लुटारू'वर तो थांबला. बोट ठेवून आबांना विचारलं, "ये मैं?"

आबा जमिनीकडं बघायला लागले.

"हौ," मीच म्हणाले. "आठ गाड्यांना जुना माल दिलात तुम्ही. हा बघा."

मी शॉकप काउंटरवर ठेवला. त्यानं हात लावायच्या आधी नाक पुढं केलं, मग मान मागं घेतली. "ये तेल कोन लगाया?"

"मी," आबा म्हणाले. "गंजू नये म्हणून."

"आबा, ये शॉकप है, नांगर नहीं." त्यानं दांड्याला गुंडाळलेली तार पाहिली आणि तोंडातून फक्त 'अल्ला' असा आवाज काढला. तार कापली. दांडा फडक्यानं पुसला. पहिल्यांदाच ते फडकं काळं झालं. माझा हात धरून माझं नख त्यानं दांड्यावरून ओढलं. एका जागी नख अडलं. "कट. तारेचा कट. ये दांडा सीलमधून वरखाली जाता. हर खड्डे को सील फाटता. तेल बाहर नहीं आएगा तो क्या होगा?"

"तुमच्याकडं आला तेव्हाच असेल कट," मी म्हणाले.

"तेव्हा तार होती काय?"

मला तरी पटलं नव्हतं. त्यानं आमचा बुश घेतला, खणातून नवा बुश काढला, दोन्ही लोखंडाच्या एकाच कडीत घालून दाखवले. नवा अंगठ्यानं गेला. आमचा तोंडालाच अडला. "इंजन का तेल पिलाया तुमनं रबर को. रबर वह पीता है और फूलता है." मग दुसरा शॉकप फरशीवर उभा धरून दांडा चार-पाच वेळा खालीवर केला. "और आडवे रखे होते ना? आत हवा फिरती. गाडीला लावायच्या आधी ऐसा करके काढायची असते."

मला ती गुऱ्हाळातली दुपार दिसली. तरीही मी म्हणाले, "मागच्या खोलीतल्या ढिगाचं काय? जुने कशाला ठेवता?"

"भंगारवाला जुम्मे को आता है," तो म्हणाला. "थांबो, दिखाता."

"नको. भंगारवालाही तुमचाच असेल."

आबा ओरडले, "बस की आता!"

चाचा ओरडला नाही. त्यानं पत्रकाची घडी केली, माझ्याकडं परत सरकवली आणि विचारलं, "कितने बाँटे?"

मी ती घडी पिशवीत कोंबली. किती वाटले गेले ते खरं तर मलाच माहीत नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पत्रकं तिन्ही स्टँडांवर वाटून झालेली होती.

त्याच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला नाही, हे स्पष्ट सांगते. दुकानदार आपल्या दुकानात जे दाखवतो ती जाहिरात असते, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. म्हणून मी स्वतः करून बघायचं ठरवलं. सामान त्याच्याकडून घ्यायचं नव्हतं, तो निवडून चांगलं देईल. मी एसटीनं लासूर स्टेशनला गेले, मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. एका दुकानातून त्याच कंपनीचे दोन शॉकप आणि चार बुश घेतले. घरी आणून, कुणी हात लावील या भीतीनं माझ्या स्वतःच्या कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात घातली. एक शॉकप खोक्यात उभा, एक खोक्याबाहेर आडवा. दोन बुश पिशवीत कोरडे, दोन वाटीत जळक्या ऑईलमध्ये. आबांना हात लावू दिला नाही. त्यांच्यावरही संशय होता. मला चाचाशी मिटवून घ्यायला लावायला ते वाटीत पाणीही ओततील, असं वाटायचं.

पंधरा दिवस मध्ये गेले. त्या पंधरा दिवसांत मी गल्लीत दोनदा गेले, गुऱ्हाळापाशी थांबले नाही, नुसती पुढून गेले. एरवी काळ्या-पिवळ्या जिथं रांगेनं उभ्या असायच्या त्या दुकानापुढं एक सायकल होती. दुसऱ्यांदा तीही नव्हती. चाचा स्टुलावर बसून बुशांची खोकी पुसत होता. नियमानं, एकेक उचलून, मागचं पुढं, पुढचं मागं. आधी आलेला माल आधी विकला जावा म्हणून ते तसं करतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की गिऱ्हाईक नाही.

सोळाव्या दिवशी कपाट उघडलं. वाटीतला बुश हातात घेतला तेव्हाच तो मऊ लागला. मिस्तरीकडून आणलेल्या तशाच लोखंडी कडीत घालून पाहिला, गेला नाही. कोरडा सटकन गेला. उभा शॉकप पहिल्या दाबालाच भरीव. आडवा ठेवलेला दाबला, तर पहिली दोन बोटं रिकामा गेला, नंतर धरला. मी तो फरशीवर उभा धरून दांडा खालीवर केला. एक, दोन, तीन. चौथ्याला तोही भरीव झाला. खोली बंद होती, कुणी बघत नव्हतं, आणि मी तो हलवतच राहिले. मला पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यायची होती. खरं म्हणजे तो पुन्हा पोकळ व्हावा असं वाटत होतं.

झाला नाही.

मी दुसरं पत्रक लिहिलं. यात चाचाचं दुकान निर्दोष, आमची चूक कोणती, माल खोक्यात का ठेवायचा, उभा का, तेलापासून आणि उन्हापासून रबर लांब का, दांड्याला तार किंवा पकड का लावायची नाही, सगळं सरळ. ड्रायव्हरांना नाक्यावर वाचून दाखवलं. कुणालाच आवडलं नाही.

"म्हंजे आपुन अडाणी, आसं छापायचं?" एकजण म्हणाला.

सोयगाववाला सगळ्यांत जास्त चिडला. "ताई, मी हातानं वाटलेत कागद. माणसाला थांबवून थांबवून दिलेत. आता कोणत्या तोंडानं सांगू? राहू द्या की. चार महिन्यांत इसरतेत लोक."

"आणि तोवर तो म्हातारा काय करेल?"

"त्यो बी इसरंल."

आबा गाडीचा आरसा पुसायला लागले. पाभरीला तेल लावणारा हात शॉकपलाही तेल लावतो, यात त्यांचं काय चुकलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते त्यांना छापील कागदावर वाचायचं नव्हतं. मी तरीही ते छापून घेतलं आणि गठ्ठ्यासकट पहिली प्रत चाचाला द्यायला गेले.

त्यानं ओठ हलवत सगळं वाचलं. या वेळी कुठंच थांबला नाही. शेवटी कागद उलटा ठेवला. "पहिल्यात माझं दुकान. याच्यातही माझं दुकान. बेटा, लोग सिर्फ ऊपर का बडा अक्षर पढते. महिन्यानंतर कुणाला याद राहील कोणत्या कागदात काय होतं? इतना याद रहेगा, उस दुकान का कुछ लफडा था."

"मग काय करू?"

"ये मत बाँटो. जिसकू कागद दिया, उसकू जबान से बोलो. सामने खडे रहके."

क्षणभर मला वाटलं, छापील पुरावा मागं राहू नये म्हणून हा असं म्हणतोय. इतकं होऊनही वाटलं. मग मी माझी दोन हजार पत्रकं त्याच्याच काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "ही तुम्हीच ठेवा. घरी नेली तर मला वाटावीशी वाटतील." तो हसला की नाही सांगता येत नाही. त्यानं गठ्ठा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवसापासून मी आबांच्या जीपमध्ये पुढं बसून जायला लागले. सिल्लोडचा स्टँड, मग फर्दापूर, मग फाट्यावरून दुसऱ्या गाडीनं सोयगाव. ओढणीच्या टोकात दोन बुश, एक कोरडा, एक फुगलेला, आणि लोखंडाची कडी. ड्रायव्हर दिसला की थांबवायचं, सांगायचं, दाखवायचं. पत्रक वाटणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं. कागद हातात देऊन माणूस पुढं जातो. इथं माणूस समोर उभा राहतो आणि उलट विचारतो.

सोयगावच्या स्टँडावर सात-आठ ड्रायव्हर जमले. आमचा सोयगाववाला गाडीत बसून राहिला, काच वर करून. मी सांगून संपवलं. एक वयस्क ड्रायव्हर, तोंडात तंबाखू, शांतपणे म्हणाला, "चाचानं काय चारलं, ताई?"

"काही नाही. चहासुद्धा नाही."

"मग पहिला कागद लिव्हला तवा कुणी चारलं व्हतं?"

बाकीचे हसले. मी त्यांना सांगू शकले असते की माझी नियत साफ होती. पण हेच चाचानं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. रागानं माझे कान गरम झाले होते, आणि तो राग त्या ड्रायव्हरवर नव्हता असं मी म्हणणार नाही, त्याच्यावरही होता.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "मिस्तरी तुमचा, दुकान तुमच्या पसंतीचं, तेल तुमच्याच गाडीतलं. एक बुश तेलात, एक कोरडा. पंधरा दिवस."

त्यानं दोन्ही बुश माझ्याकडून घेतले, दाबून बघितले, कडीत घातले, काढले. मग कडीसकट गाडीतल्या कप्प्यात टाकले. "बघतो," म्हणाला, आणि पुढच्या गावच्या प्रवाशांना हाक द्यायला लागला, "चला, बनोटी, बनोटी!"

त्यानं बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा त्याची गाडी नव्हती, त्याच्या पुढच्या आठवड्यात होती पण भरून निघालेली. सिल्लोडच्या आणि फर्दापूरच्या बऱ्याच गाड्या हळूहळू चाचाकडं परत आल्या. आबांची तर पहिल्याच दिवशी गेली. ते आत जाऊन काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. सोयगावच्या गाड्या अजून जळगावहून सामान आणतात. चाचानं दुकानाचा मागचा अर्धा भाग दुसऱ्याला भाड्यानं दिला. मी अजून त्या लाइनीवर जाते, नवा ड्रायव्हर दिसला की थांबवते, आणि तो आधी माझ्याकडं पाहतो, मग माझ्या हातातल्या रबराकडं, आणि विचारतो की तुम्ही कुणाच्या, कोणत्या दुकानाच्या.